आत्यानं कानात सांगायचं नाव

भावाला दुसरी मुलगी झाली, त्याच्या चौथ्या दिवशी आईचा फोन आला. बाळ कसं आहे, वहिनीचे टाके कसे आहेत, यातलं काही नाही. "बारशाला आत्या म्हणून तूच बसायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, माझ्याहून मोठ्या दोघी आहेत की. तर म्हणे, "त्यांचा काय उपेग? तुझ्या नावानं गुण दिलाय. तुझ्याच तोंडून पाह्यजे." आणि मग तिनं पोरीचं नाव सांगितलं. मुलग्याचं. चांगलं दणदणीत.

आमचं गाव बोर्लीपासून आत, भातशेतीचं. आमच्या घरात मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला मुलग्याचं नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी पद्धत. मी तिसरी. माझं नाव मुलग्याचं. ते इथं सांगत नाही; सांगून सांगून आणि समजावून समजावून दमलेय मी. माझ्यामागं दीड वर्षात भाऊ झाला आणि आईचं काम फत्ते झालं! तेव्हापासून मी घरातलं हुकमी औषध.

औषधाला काय भोगावं लागतं ते औषधाला विचारा. शाळेत पहिल्याच दिवशी मुलांच्या रांगेत. लग्नाची पत्रिका छापायला दिली तर छापखान्यातून फोन, "अहो, दोन्हीकडं नवरेच लिहिलेत." मी अलिबागला शिक्षिका आहे. मागं निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला तो पुरुषांच्या तुकडीत, मुक्काम त्यांच्याच खोलीत. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, नवऱ्याचा आदेश घेऊन तुम्ही कशा आलात?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

पण खरं सांगते, मला घोर नावाचा नव्हता. वहिनीचं हे दुसरं सिझेरियन. बीपी इतकं चढलं होतं की दोन दिवस तिला धड डोळे उघडवत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी भावाला समोर बसवून बजावलं होतं, तिसऱ्याचा विचारसुद्धा करायचा नाही, जिवावर बेतेल. भाऊ तिथं हो हो म्हणाला. आईसमोर मात्र हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, लहानपणापासून. म्हणजे हे नाव त्या पोरीला हाक मारायला नव्हतंच. ते तिसऱ्याला धाडलेलं आवतण होतं. आणि आवतण द्यायला मी!

मी आईला समजावलं. रागावले. ती ऐकते होय? कुठून तरी तिनं हेरलं होतं की वहिनीच्या पुण्यातल्या मैत्रिणीनं आपल्या मुलीला हौसेनं मुलग्याचं नाव ठेवलंय. "आता शिकलेली मान्सं पन ठेवतात. फॅशन हाय ती," आई म्हणाली. मी म्हटलं, "आई, त्यांना मुलगीच हवी होती गं." त्यावर तिनं फोन ठेवून दिला.

बारशाच्या दोन दिवस आधी वहिनीचा फोन. आवाज इतका दबका की मला वाटलं, काही झालं की काय. "ताई, मी एक नाव काढलंय," ती म्हणाली आणि सांगितलं. साधं, गोड नाव, मुलीचं. मग थोडं थांबून, "पण तुम्ही आईंचंच ऐकाल ना? तुमचंही बरोबर आहे. फक्त एकदा ते नाव पडलं की मला कोणी सोडणार नाही हो." मी ठीक आहे, बघू, असलं काहीतरी म्हटलं. लाज वाटली स्वतःची. सदतीस वर्षांची बाई मी, वर्गातली चाळीस पोरं नजरेनं गप्प बसवते, आणि आईपुढं माझी बोबडी वळते.

एसटीनं बोर्लीला उतरले, तिथून रिक्षानं गावात. घरी ओटीवर पाळणा टांगलेला, बायका जमलेल्या, घुगऱ्यांची पातेली तयार. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

बाळाला पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात दिलं, पाळण्यात निजवलं. मग आत्यानं वाकून कानात नाव सांगायचं, आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. जन्मदाखल्यावर नाव चढतं सावकाश. पण आमच्यात एकदा कानात गेलेलं नाव परत काढत नाहीत. आई मला चिकटून उभी. "इसरू नको," ती पुटपुटली.

मी वाकले. चिमूटभर कान तो. आणि मी वहिनीनं काढलेलं नाव सांगितलं. पाठीत धबाधब पडले, त्यात आईचेही होते, चांगले उत्साहाचे. मग सरळ उभी राहिले आणि ते नाव मोठ्यांदा म्हटलं.

मग एक काकू म्हणाली, "छान हाय की." आईचा हात माझ्या पाठीवरून निघाला. ती तडक मागल्या पडवीत जाऊन बसली. मी मागोमाग. वहिनी पोरीला घेऊन दाराशी येऊन उभी राहिली.

"माझ्या नातवाची वाट अडवलीस तू," आई म्हणाली.

माझा तोल गेला. "आणि हिला काही झालं असतं म्हणजे? दोन पोरी तू वाढवणार होतीस? माझ्या वेळी तरी तुला काही वाटलं का गं? पोटच्या पोरीला दुसऱ्याचं नाव देताना?"

मला वाटलं, आता शिव्या घालेल.

"मला कोनी इचारलं व्हतं?" ती म्हणाली. "मी बाळंतीन, अशीच भिंतीला टेकलेली. तुझ्या आत्यानं कानात सांगितलं, बायांनी धपाटे घातले, झालं. माझ्या मनात निराळंच व्हतं."

"काय होतं?"

"आता काय करायचंय त्याचं?" पदरानं तोंड पुसून ती उठली. दारातल्या वहिनीला म्हणाली, "तुझी डाक्तरीन म्हनते तसं करा. मी न्हाय काय बोलनार." आणि आत गेली.

आम्ही दोघी तिथंच उभ्या. पोर झोपली होती. आत पानं मांडल्याचा आवाज झाला आणि आईनं जेवायला हाक मारली, कुणा एका मुलीच्या नावानं. मी ओ दिली नाही. म्हटलं, बारशाला आलेली कुणी असेल. आईनं पुन्हा तीच हाक मारली, जरा मोठ्यांदा.

वहिनीनं माझा दंड धरला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हालाच बोलावतायत."