डिक्कीतलं इंजिन

ती दसऱ्याची सकाळ आठवली की आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. कारण त्या प्रकरणातला पहिला शोध मी लावला, आणि तो असा होता : गाडीचं इंजिन चोरीला गेलं आहे.

वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, एक पिवळी स्पोर्ट्स कार कडेला अर्धी जळून उभी होती. मागचा भाग काळाठिक्कर, पुढचा मात्र शोरूममधून आत्ताच आणल्यासारखा. अग्निशमनवाले पाइप गुंडाळत होते. मी पोलीस निरीक्षक, अंगावर सणाचा कडक इस्त्रीचा गणवेश, भोवती बघे. मी ऐटीत पुढचं झाकण उघडायला लावलं. आत रिकामा खड्डा आणि खड्ड्यात एक छत्री. मी लगेच वायरलेसवर नियंत्रण कक्षाला कळवलं की आधी इंजिन चोरलं आणि मग पुरावा नष्ट करायला गाडी पेटवली.

माझे हवालदार नोकरीनं आणि वयानं मुरलेले होते. ते कानाशी आले.

"साहेब, या गाडीचं इंजिन मांगं ऱ्हायते. डिक्कीच्या जागी."

"मग डिक्की?"

"तुम्ही आता उघडली ते."

नियंत्रण कक्षाला दुसरा संदेश देताना मी आवाज शक्य तितका जड ठेवला. तरी पलीकडून कोणीतरी खोकल्याचं ऐकू आलंच.

नावं सांगत नाही. गाडीच्या मालकाला मालक म्हणतो. ज्याच्यावर संशय होता त्याला मिस्त्री म्हणतो. तो शिकलेला इंजिनिअर होता आणि मिस्त्री म्हटलेलं त्याला अजिबात खपत नसे. पण पेन माझ्या हातात आहे.

मालकाची जिनिंग होती. कापसाचा पिढीजात धंदा, चाळिशीच्या आतला माणूस, तळहात भाजलेला. ठाण्यात खुर्चीवर बसून तो फिर्याद देत होता, पण मधूनमधून गाडीचं कौतुकही सुटत नव्हतं. गाडी मुळातच तुफान. तरी यानं मिस्त्रीकडून तिची ताकद वाढवून घेतली होती, कंपनीनं दिलेल्या ताकदीच्या जवळजवळ दीडपट.

"काहून?" हवालदारांनी विचारलं. "मुळात कमी होती का?"

"कमी नव्हती जी. पण असली म्हणजे बरी ऱ्हायते."

पुढं त्यानं सांगितलं ते आम्ही जसंच्या तसं लिहून घेतलं. "आज तं गाडी अशी पळाली, अशी पळाली, का इतक्या दिवसांत नाही पळाली. अंगावर काटा आला माह्या. आन् एकदम आरशात धूर! मी दार उघडून उडी घेतली. साहेब, त्या मिस्त्रीनंच काहीतरी करून ठेवलं. मले जित्ता जाळाले निघाला होता तो."

भांडण झाल्याचं खरं होतं. आठवड्याभरापूर्वी मिस्त्रीनं गाडी परत आणा, थोडं काम बाकी आहे, असं म्हटलं. मालकाला वाटलं हा आणखी पैसे काढतोय. त्यानं गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला आणि निघून आला.

एवढ्यावर कोणाला आत घेता येत नाही. पण दुपार व्हायच्या आत एका तर्री-पोह्याच्या ठेल्यावाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. याची बातमी आणि तर्री दोन्ही कधी फिक्या निघाल्या नाहीत.

"साहेब, ते पिवळी गाडी सकाळी माह्याच ठेल्याजवळ उभी होती. मालक पोहे खाऊन राहिला होता. तितक्यात तो गॅरेजवाला आला. त्याच्याजवळ किल्ली होती. दार उघडून आत वाकून काहीतरी करून राहिला होता. मालकाची पाठ होती, त्याले काय मालूम."

झालं. किल्ली, भांडण, लपून गाडीत शिरणं आणि मग आग. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं तर त्या पोराची उमेदीची वर्षं आत गेली असती. घरी बाळंतीण बायको होती त्याची. आम्ही त्याला ठाण्यात आणलं, तेव्हा त्याची सासू बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टासमोर उभं करायचं होतं. माझ्या हातात उरलेला दिवस होता.

मिस्त्री तिशीचा, तोंडाचा फटकळ. इंजिनाबद्दल विचारा, थांबायचं नाव नाही.

"ताकद म्हणजे काय साहेब? आग. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त आग. इंजिनात हवा कोंबणारा पंखा असते, टर्बो. कंपनी देते त्याच्यापेक्षा मोठा बसवला मी. विदर्भात कोणाच्या बापाले जमत नाही ते."

"बरं. आज सकाळी ठेल्याजवळ गाडीत काय करत होतास?"

तोंड मिटलं. पुन्हा विचारलं. रागावून विचारलं. चहा देऊन विचारलं. नाही.

इतक्या वर्षांत मी गप्प बसणारे पुष्कळ पाहिले. शिक्षेला भिणारा दाराकडे बघतो. लाजणारा स्वतःच्या हाताकडे बघतो. हा हाताकडे बघत होता. गाडी पेटवणाऱ्याला लाज कशाची, हे मला कळेना.

शेवटी तोच चिडून म्हणाला, "साहेब, त्या गाडीले पेटवाले माचीस लागत नाही. चला, दाखवतो."

त्याच्या गॅरेजमध्ये तशाच मोठ्या टर्बोची दुसरी एक गाडी होती. मागची चाकं जमिनीत बसवलेल्या फिरत्या रुळांवर, म्हणजे गाडी पळणार पण जागच्या जागी. इंजिनावरचं झाकण काढलेलं. त्यानं आम्हाला भिंतीजवळ उभं केलं, स्वतः आत बसला आणि हळूहळू वेग वाढवत नेला.

मी दंगली पाहिल्या आहेत. स्फोट झालेला कारखाना पाहिला आहे. पण त्या खोलीत जे झालं त्याला माझ्याकडे तुलना नाही. आवाज कानात न शिरता छातीत शिरला. बरगड्या आतून कोणीतरी वाजवतंय असं वाटलं. टेबलावरचे पाने नाचत नाचत खाली पडले आणि पडल्याचा आवाजही आला नाही. मग तो टर्बो, शंखासारखा वळलेला लोखंडाचा तुकडा, काळ्याचा तांबूस झाला, तांबूसचा लाल, आणि भर दिवसा, उघड्या दारातून ऊन आत येत असताना, पळसाच्या फुलासारखा पेटून उठला. ज्वाला नाही, धूर नाही. नुसतं लोखंड उजळलेलं. गरम वारा आमच्या तोंडावर येत होता आणि मी तिथून हलू शकत नव्हतो. भीती होतीच, पण त्याहून काहीतरी मोठं होतं. माणसानं हे असलं काही हातानं जुळवावं आणि त्यावर बसून पोहे खायला जावं!

शेजारी पाहिलं तर हवालदारांनी हात जोडले होते. माझेही जोडलेले होते. कधी जोडले ते ठाऊक नाही.

इंजिन बंद झाल्यावर मिस्त्री उतरला. "कंपनी याच्यावर जाड पत्रा देते, उष्णता अडवाले. मोठा टर्बो बसत नव्हता म्हणून तो मीच काढला. नवा पत्रा बनवून ठेवला होता, म्हणूनच मालकाले परत बोलावत होतो. पण नुसत्या उष्णतेनं बी पेटत नाही साहेब. तिथं जळण्यासारखं काहीच नाही. म्हणून तं मले बी समजत नाही कसं पेटलं."

ठाण्यात परतलो तर शस्त्रपूजा खोळंबली होती. अर्धं ठाणं दीक्षाभूमीच्या बंदोबस्तावर, उरलेले माझी वाट बघत. रायफलींना हळदकुंकू लागलं, जीपला झेंडूची माळ आली आणि हवालदारांनी माझ्या हातात फोडायला नारळ दिला. शेंडी उपटताच नारळाचे तीन डोळे माझ्याकडे बघू लागले.

मी नारळ तसाच हातात धरून माझ्या खोलीत गेलो. टेबलावर गाडीच्या इंजिनाजवळून जप्त केलेल्या वस्तू लेबल लावायच्या राहिल्या होत्या. त्यात एक काळी वाटीसारखी वस्तू होती. पंचनाम्यात मीच लिहायला लावलं होतं, 'इंजिनाचा गोलाकार सुटा भाग'. मी ती उलटी केली. तीन डोळे. नाकाजवळ नेली, तर आमच्या घरी मसाल्यासाठी सुकं खोबरं जाळावर भाजतात तो वास.

संध्याकाळी आम्ही मालकाच्या घरी गेलो. घराला लागूनच जिनिंग. शेडमधल्या प्रत्येक यंत्राच्या मानेशी लाल फडक्याची एकेक पुरचुंडी बांधलेली. मालकाची आई सत्तरीची, नऊवारी नेसलेली, अंगणात सोनं वाटायला आपट्याची पानं घेऊन बसली होती.

"आजी, ही यंत्राची पूजा कोण करतं?"

"मीच करतो गा. सासूनं सांगितलं तशी. लाल फडक्यात नारळ आन् सालचा पहिला कापूस. खंडेनवमीले बांधायचा तो पुढच्या नवमीलेच सोडायचा."

"पिवळ्या गाडीलाही बांधला होता?"

"बांधला नं! ते का यंत्र नाही? पोरानंच झाकण उघडून देल्लं. आत एक मोठं गोल गोल चमकते, ते मले तिचा देवच वाटला. त्याच्याच गळ्यात बांधला. पक्की गाठ मारली, सुटू नये म्हणून."

दारात उभ्या मालकाचा चेहरा पांढरा पडला. आदल्या दिवशी त्यानंच झाकण उघडलं होतं आणि विसरला होता. आजीनं एकवार माझ्याकडे, एकवार मुलाच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, आणि आणखी एक ठेवून म्हणाली, "हे त्या पोराले दे, तुमच्याजवळ बसवून ठेवलं त्याले."

बाहेर आल्यावर मालक म्हणाला, "पण साहेब, मंग तो माह्या गाडीत वाकला कायले?"

तेच तर मलाही हवं होतं. मालकाला घेऊन ठाण्यात आलो आणि जळकी करवंटी मिस्त्रीसमोर ठेवून सगळं सांगितलं. त्यानं खूप वेळ ती हातात फिरवली. आणि मग बोलला, मालकाकडे न बघता.

"तुम्ही मोबाइलवर टाकलं होतं, दसऱ्याले दुपारी आईले घेऊन रामटेकले जातो. ते वाचलं आन् मले चैन पडेना. पत्रा नाही, एवढी उष्णता, आन् त्याच्यात आजी बसणार. फोन केले, तुम्ही उचलले नाही. सकाळी ठेल्यावर गाडी दिसली. चाचणीच्या वेळची दुसरी किल्ली माह्याजवळ होती. आत वाकलो, गाडीच्या कॉम्प्युटरले लॅपटॉप लावला आन् वाढवलेली सारी ताकद काढून टाकली. कंपनीची होती तशी करून देल्ली. मांगचं झाकण उघडलं असतं तं नारळ दिसला असता. नाही उघडलं."

"मग हे दिवसभर सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला.

"कसं सांगू साहेब? बोर्डावर लिवलं हाय, ताकद वाढवून मिळेल. आन् मीच चोरून काढून घेतो म्हटलं तं उद्या कोणती गाडी येईल माह्या दारात?"

मालक हळूच म्हणाला, "म्हणजे आज सकाळी जे पळाली... ते कंपनीचीच ताकद?"

"हाव."

हवालदारांनी सकाळची फिर्याद काढून 'अशी पळाली, अशी पळाली' या ओळीवर बोट ठेवून कागद माझ्यापुढं सरकवला. तो मालकानंही पाहिला. पहिल्यांदा तोच हसला, मग मिस्त्री, मग मीही.

हसणं ओसरल्यावर मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, आईले नका सांगू जी. तिच्या नारळानं पेटली म्हणून कळलं तं अन्नपाणी सोडील ते."

मिस्त्री म्हणाला, "माह्यं नाव सांगा. पत्रा तं मीच काढला होता. खोटं बी नाही ते."

ज्याला दुपारपर्यंत मी खुनाच्या प्रयत्नात आत टाकणार होतो, तो हे म्हणत होता. टर्बो लाल होताना जसं वाटलं होतं, तसंच पुन्हा वाटलं. या वेळी हात जोडले नाहीत एवढंच. ठाण्यात बरं दिसत नाही.

प्रकरण अपघाती आग म्हणून निकाली निघालं. विनापरवाना फेरबदल केल्याबद्दल परिवहन खात्याकडे वेगळा अहवाल गेला. त्याचा दंड दोघांनीही निमूट भरला. मिस्त्रीनं आपट्याचं पान खिशात घातलं आणि सासूचा गार झालेला डबा तिथंच बाकावर बसून खाल्ला. मालकानं घरी जाऊन आईला सांगितलं, नारळ मी आधीच काढून ठेवला होता, गाडी आपली आपणच तापून पेटली. ती फक्त "बरं" म्हणाली.

आता भाचे-पुतणे विचारतात, गाडीची ताकद वाढवून घेण्यात अर्थ आहे का? मी त्यातला जाणकार नाही; मला डिक्की कुठं असते तेही कळत नाही. एवढं सांगतो की ते लोखंड उजळताना पाहिलं तर कोणालाही मोह पडेल, मलाही पडला होता. पण वाढवलेली ताकद रस्त्यावर मालकालासुद्धा ओळखता आली नाही, आणि तिच्यासाठी जे काढून टाकलं तो जीव राखणारा पत्रा होता. माणसांचंही तसंच असतं. कोणाची ताकद किती, हे तो काय मिरवतो त्यावरून कळत नाही. वेळ आल्यावर तो काय चुपचाप काढून ठेवतो, त्यावरून कळतं.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी ही सगळी हकीकत बायकोला ऐकवली. आम्ही तिघा पुरुषांनी त्या म्हाताऱ्या माउलीला कसं शिताफीनं काही कळू दिलं नाही, तेही जरा फुशारकीनं सांगितलं. तिनं बशी खाली ठेवली.

"अहो, गाडी जळाल्यावर पोलीस घरी येऊन नारळ कुठं बांधला म्हणून विचारून राहिले, आन् तिले समजलं नसन?" ती म्हणाली. "तिले तव्हाच समजलं. तुम्ही तिघं इतके जीव तोडून खोटं बोलून राहिले, म्हणून ते बिचारी 'बरं' म्हणाली."