तिसरी सही

आमचे हे तीस वर्षं बँकेत सह्याच ताडून पाहत. हाताखालची माणसं पाठीमागे त्यांना 'भिंग' म्हणत, आणि ह्यांना ते मनातून आवडायचं! एकदा माझी किराणाची यादी बघून म्हणाले, "हे अक्षर तुझं नाही." खरंच, शेजारणीने लिहून दिली होती.

निवृत्त झाले, तर इच्छामरणाच्या समितीने बोलावलं. कायदा असा, की रोग्याने आठ-आठ दिवसांनी तीनदा अर्ज करायचा, स्वतःच्या हाताने सही करून. मध्येच मन बदललं आणि सही घरच्या कुणी ठोकली तर? ते तपासायला हे. म्हटलं, "कशाला हे झेंगट?" पण माझं ऐकतील तर शपथ.

पहिलेच कागद आले ते एका शिवणशिक्षिकेचे. हाडांचा कॅन्सर. दोन सह्या थरथरत्या, तिसरी मात्र स्वच्छ, सरळ. ह्यांनी ती पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरली.

"आजारी हात असा सुधारत नाही गं. मुलाने गिरवली असेल तर?"

होकार द्यावा, तर मन फिरलेल्या बाईचा जीव जायचा. नकार द्यावा आणि सही खरी निघाली, तर त्या यातनांत पुन्हा पहिल्यापासून तीन अर्ज. ह्यांचं जेवण सुटलं. ताटावर बसून नुसते भिंतीकडे बघायचे.

शेवटी मीच म्हटलं, "भिंगातून काय बघताय? जाऊन विचारा की!" एकट्याचा पाय उचलेना, म्हणून मीही गेले.

मुलाला खोलीबाहेर बसवलं. बाईंनी पेन मागितलं आणि आमच्यासमोर सही केली. तंतोतंत तिसरीसारखी.

"भाऊ, आधी हात दुखण्याने कापत नव्हता," त्या म्हणाल्या. "भ्यायले होते मी. आता नाही भीत."

हे तिथेच 'सही खरी' असं लिहून खाली स्वतःची सही करायला बसले. पेन दोनदा पडलं, दोनदा मी उचलून दिलं. बाई शांतपणे बघत होत्या.

तीन दिवसांनी समितीकडून कागद परत आला. शेरा होता: तपासनीसाची सही नमुन्याशी जुळत नाही, समक्ष येऊन पुन्हा करावी.

म्हणजे तीन दिवस बाई तिकडे तळमळत होत्या, ह्यांच्या एका सहीपायी! हे ताडकन उठले आणि घरभर चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.