कपाटातला उद्घोषक

भोंगाकाकांना हे नाव बसस्थानकाने दिलं. अख्खी नोकरी त्यांनी काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारण्यात घालवली. आवाज असा, की सुटलेली गाडीही ऐकून परत फिरावी. मग तिथे एका बाईचा टेप केलेला आवाज आला आणि काका घरी आले. घरातलं दूध संपल्याचंही ते पुकारूनच सांगत. ऐकायला काकू एकट्या. काकूंची फुप्फुसं थकलेली. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. घुर्र, फुस्स. घुर्र, फुस्स.

अशात कळलं, की अंध वाचकांच्या ग्रंथालयाला घरबसल्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी आहेत. काकांना पुन्हा तरतरी आली. तिथून आलेल्या कादंबरीची पहिली पानं वाचून त्यांनी झोकात नमुना पाठवला. ग्रंथपालबाईंचा फोन आला, की आवाज उत्तम आहे, पण मागे कुणीतरी घोरतंय. घरात घोरणारा मी एकटाच आणि मी तर वाचत होतो, असं काकांनी सांगून पाहिलं. बाई हसल्या नाहीत. कादंबरी दीपगृहात एकट्या राहणाऱ्या माणसाची. तिथे हा दुसरा कोण घोरतोय, असं ऐकणाऱ्याला वाटेल. आणखी एकदा पाठवा, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणाल्या.

काकांनी घरावर चढाईच केली. पंखा बंद. फ्रिज बंद, तो पुन्हा चालू करायचं विसरल्याने दूध नासलं. भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढली, त्यामुळे जेवण संध्याकाळी झालं. राहिलं मशीन. ते दाराबाहेर ठेवून दार लावलं, तर नळी दारात चेमटली आणि काकूंनी असे डोळे वटारले, की काकांनी मशीन उचलून जागेवर आणलं.

शेवटी लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या भाच्याला विचारलं. त्याने जन्मभर आवाज वाढवायचाच धंदा केलेला, तरी उपाय सांगितला. कपड्यांच्या कपाटात बसा, भोवती गोधड्या टांगा, माइक तोंडाजवळ घ्या आणि त्याची पाठ मशीनकडे करा. वाचण्याआधी थोडा वेळ गप्प राहून कॉम्प्युटरला नुसती घरघर ऐकवा. मग तो तेवढीच पुसून टाकेल. कॉम्प्युटरने पुसली, पण काकांच्या आवाजाचाही पापुद्रा काढला. पाण्याच्या टाकीत डोकं घालून कुणी बोलतंय असं वाटायला लागलं. थोडंच पुस, म्हटलं, तर घुर्र गेलं आणि फुस्स राहिलं.

"माझा श्वासच आडवा येतोय म्हणायचा तुमच्या," काकू म्हणाल्या.

"तसं नाही गं," काका म्हणाले आणि कपाटात जाऊन बसले.

कानाला हेडफोन लावला. घाम टिपला. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ नेहमीसारखी थरथरत होती, आणि बघता बघता ती एकदम सपाट झाली. काका मनात म्हणाले, जमलं. तिसरी गोधडी कामी आली. आणि वाचत सुटले. काय वाचलं! समुद्र, दिवा, तो एकटा रखवालदार, सगळं घशातून खणखणीत बाहेर आलं. तीन पानं संपवून चौथं उलटताना त्यांच्या लक्षात आलं, की गोधडी तर सकाळपासून टांगलेली आहे.

उठताना पाय गोधडीत अडकला, वायर मानेला गुंडाळली गेली आणि कपाटाच्या दारासकट काका खोलीत पडले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. बोट मशीनच्या बटणावर.

"झालं का?" त्यांनी विचारलं. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

काकांनी बटण दाबलं. मशीनने घुर्र केलं, तसे ते जमिनीवरच बसून राहिले. काकूंच्या ओठांवर रंग आल्यावर ते म्हणाले, हे रेकॉर्डिंग मी पाठवणार नाही.

"पाठवा," काकू म्हणाल्या. "माझी दमछाक फुकट घालवू नका."

काकूंपुढे काकांचं कधी चाललंय? पाठवलं. संध्याकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. सुरेख झालंय, पुस्तक तुमचंच. उरलेली पानंही अगदी अशीच करून पाठवा. काकूंनी पलंगावरूनच शेजारणीला ही बातमी दिली, मध्ये थांबून श्वास घेत, पण दिली. त्यांचा चेहरा इतका फुललेला, की नाही म्हणायची काकांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली. काकूंनी ती सोलून त्यांच्याच हातात ठेवली आणि कपाटाकडे बोट केलं.

काका आत बसले. पुन्हा बसवलेलं दार फटीएवढं उघडं ठेवलं. कानात घुर्र, फुस्स चालू होतं. पडद्यावर रेघ थरथरत होती. पुस्तक मांडीवर उघडं होतं, पण काकांची नजर त्या रेघेवरून हलेना. वाचताना रेघ आपल्याच आवाजाने हलणार, मागची घरघर थांबली तरी कळणार नाही, या धास्तीने त्यांच्या तोंडून पहिला शब्दच निघत नव्हता.

"अहो, करा सुरू," बाहेरून काकू म्हणाल्या.