अर्जाच्या पाठीवरचा शेरा

जुन्या कागदाचा वास आला की मला आमच्या अमेरिकन विद्यापीठाचं गार तळघर आठवतं. तिथे मी दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन यादवी युद्धात तिथल्या विधिमंडळाकडे आलेले अर्ज स्कॅन करायचे. एका आईने लिहिलं होतं, ‘माझा मुलगा शत्रूच्या कैदेत आहे. कैद्यांच्या अदलाबदलीत त्याला सोडवा.’ माझ्यासोबत काम करणारा नागपूरचा सीनियर म्हणाला, “बॅक साइड स्किप कर यार, ब्लँक असते.” पण माझे बाबा तहसील कचेरीत कारकून, साहेबांचा शेरा अर्जाच्या पाठीवर असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कागद उलटला. “बघ, मंजूर!” मी जवळजवळ ओरडलेच. मग खालची, वेगळ्या शाईतली ओळ दिसली: ‘कैदी महिन्यापूर्वीच वारला.’ आजही मी प्रत्येक कागद उलटते. फक्त ओरडायच्या आधी शेवटपर्यंत वाचते.