उत्तमला मी पाव्हणा म्हणालो

उत्तम जाधव गेल्याचं त्याच्या मुलीनं मला फोनवर सांगितलं. आवाज अगदी स्थिर होता तिचा. "काका, पहाटं बाबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले." अंत्यविधीला मी गेलो नाही. अंगात ताप आहे असं बायकोला सांगून पांघरूण घेऊन पडलो... ताप नव्हता. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. तिची किंमत उत्तमनं मोजली, आणि दीड महिन्यानं का होईना, ते आता लिहायलाच हवं.

आमची ओळख मारामारीनं झाली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास आम्ही दोघं जालन्याला वेल्डिंग शिकत होतो. मी कुंभार पिंपळगावच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा, तो हसनाबादच्या बौद्ध मजुराचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या जातीवरून एक शब्द वापरला. आमच्या घरात तो शब्द सहज, जेवताजेवता वापरला जायचा. उत्तमनं हातातली हातोडी शांतपणे बाजूला ठेवली आणि माझ्या नाकावर असा ठोसा दिला की सदरा छातीपर्यंत लाल झाला. मग स्वतःच मला नळावर घेऊन गेला. डोक्यावर पाणी ओतत म्हणाला, "आता फिटलं. पुन्हा म्हणलास तर पुन्हा बसंल." मी पुन्हा कधी म्हणालो नाही. इतका प्रामाणिक माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, आणि नंतरही नाही.

आठ-दहा वर्षांनी त्यानं ट्रॅक्टरमागं जोडायचं एक पेरणीयंत्र बनवलं. बी सारख्या अंतरावर पडायचं. डोकं होतं, हात होता, पण जागा नव्हती आणि वीज नव्हती. त्याच सुमारास जालन्यात नवउद्योजकांचा मेळावा भरला. धंदा काढू पाहणाऱ्यांनी जम बसलेल्या धंदेवाल्यांना भेटावं, ओळखी वाढवाव्यात, असा बेत. प्रत्येकाच्या खिशाला नावाची चिठ्ठी. पण आपल्याकडे ओळख कशी काढतात ते काय सांगायचं! चहा हातात येईपर्यंत गाव विचारतात, मग आडनाव, मग सोयरे. मशीनची पाळी सगळ्यात शेवटी. अंबडचे माझे मामा तिथं आले होते. त्यांचं शेड रिकामं होतं आणि यंत्र करणारा माणूस त्यांना हवाच होता. उत्तमनं काढलेलं चित्र त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं, खूश झाले आणि विचारलं, "पाव्हणे कुठले?" जाधव आमच्यातही असतात, त्यांच्यातही. उत्तम तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलून गेलो, "हसनाबादचे जाधव, मामा. आपलेच पाव्हणे हायेत."

बाहेर आल्यावर त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. "कायला खोटं बोलला? आत्ता जाऊन सांगतो." मी म्हणालो, कशाला हात दाखवून अवलक्षण? एकदा मशीन उभी राहू दे, मंग दोघं मिळून सांगू. बराच वेळ त्यानं कॉलर सोडली नाही. मग सोडली. आयुष्यात त्यानं माझं ऐकलं ते एवढंच.

चार महिने तो त्या शेडात राबला. मामी त्याला स्वयंपाकघरात पाट मांडून वाढायची आणि तो अर्ध्या ताटावरून उठायचा. आज सांगू का, असं तो मला भेटेल तेव्हा विचारायचा. मी म्हणायचो, जल्दी काय हाये? दोन यंत्रं तयार झाली. मग तसाच एक मेळावा अंबडला भरला आणि तिथं उत्तमच्या गावाकडचा एक माणूस त्याला पाहून लांबूनच "जय भीम" म्हणाला. उत्तमला नुसती मान हलवता आली असती. त्यानं हात जोडले आणि तेवढ्याच मोठ्यानं "जय भीम" म्हणाला. मामा शेजारीच होते. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि उठले.

त्याच दुपारी मामांची तीन मुलं लोखंडी गज घेऊन शेडात आली, मागून मामा. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. उत्तम पडला, उठला, एकाचे दात पाडले, पुन्हा पडला. मग दोघांनी त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि तिसऱ्यानं त्याचाच घण उचलला... तो आवाज मला लिहिता येत नाही. मामा माझ्याकडे वळले. "दिगू, पाव्हणा हाये म्हणून तूच सांगितलं. तुला माहीत होतं?" माझ्याआधी उत्तम बोलला. तोंडात रक्त होतं, शब्द नीट निघत नव्हते. "त्याला काय माहीत? मीच फसवलं त्याला." मामा माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. हो, मला फसवलं.

उत्तमनं पोलिसांत तक्रार दिली. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्या दिवशी मी गावाला होतो. साक्षीदार कोणी उभा राहिला नाही आणि अंबडच्या कोर्टात तिघेही सुटले. उत्तम डाव्या हातानं वेल्डिंग शिकला आणि हसनाबादला त्यानं स्वतःचं दुकान काढलं. पुढं मी दोन-तीनदा भेटलो. चहा द्यायचा, पेरणीयंत्राबद्दल बोलायचा, त्या दुपारचं नाव काढायचा नाही. एकदा तरी शिवी द्यायला हवी होती त्यानं मला. मला ती हवी होती.

गेल्या आठवड्यात धीर करून गेलो. दुकान आता मुलगी चालवते. विजेचा खटका डावीकडे, हातोड्या टांगायचे खिळे डावीकडे, सगळी मांडणी त्याच्या उरलेल्या हाताच्या सोयीची. ती उजव्या हाताची आहे, तरी तिनं काहीच हलवलेलं नाही. अंग तिरपं करून काम करत होती. चहा सांगितला आणि म्हणाली, "बाबा तुमचं लई सांगायचे, काका. त्या दिवशी दिगूकाका गावाला गेल्ते, न्हाई तर मला हात लावायची कोणाची हिंमत झाली नसती, म्हणायचे."

मी म्हणालो, "न्हाई पोरी. मी तिथंच होतो."

तिनं मशीन बंद केली. "कुठं?"

"दारात," मी म्हणालो. "दार उघडं होतं."