बारा नंबरची बाई

रुफिना तालामांतेस हिने बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात कारकुनी केली. झाकातेकास प्रांतातल्या त्या गावात न्यायाधीश येत, बदलून जात. निकालांचे मसुदे मात्र हिच्याच हातचे. त्यामुळे न्यायाधीश आता लोकांनी मत देऊन निवडायचे असं ठरल्यावर तिने लगेच अर्ज भरला. अख्खं गाव आपल्याला ओळखतं, असा तिचा समज होता.

प्रचाराच्या पहिल्याच सकाळी ती बाजारात उतरली. थोरली बहीण चोले मक्याच्या भरल्या भाकऱ्या विकायची. तिच्या ठेल्यापुढे उभं राहून रुफिनाने मुलांच्या ताब्याच्या कायद्यावर बोलायला सुरुवात केली. पाऊण तास बोलली. रांग कधी पांगली, तिला कळलंही नाही.

"अगं बाई, माझी गिऱ्हाईकं पळाली ना!" चोले करवादली. "कायदा राहू दे, तुझा नंबर सांग."

मतपत्रिकेवर उमेदवाराचा नंबर लिहायचा होता. रुफिनाचा बारा.

"बारा? मग सोपं आहे," चोले ओरडली, "दवाखान्याची बस! लोकहो, बसचा नंबर लिहा!"

"ताई, मी न्यायाधीश व्हायला निघालेय, बस नाही!"

पण बाजार खो खो हसला, आणि रुफिना बारा नंबरची बाई झाली.

मतदानाच्या दिवशी हातात पाच रंगांचे कागद पडले, दर न्यायालयाचा रंग वेगळा. तिने ऐटीत बारा लिहिला, कागद पेटीत टाकले, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण चुकीच्या रंगाच्या कागदावर लिहिलं. मत भलत्याच न्यायालयातल्या कुणा अनोळखी गृहस्थाला गेलं होतं.

"जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासले," ती चोलेला म्हणाली, "आणि स्वतःचा एक धड वाचता आला नाही."

तरी ती निवडून आली. शंभरातले जेमतेम पंधरा जण मतदानाला गेले होते. अभिनंदनाला येईल त्याला ती सांगायची, "मी कुठली? बस निवडून आली."

दुसऱ्या महिन्यात एक म्हातारा चांभार तिच्यापुढे उभा राहिला. मुलगा वारला होता. नात सुनेकडून आपल्याकडे यावी, असं त्याचं मागणं. टोपी छातीशी धरून तो म्हणाला, "न्यायाधीशबाई, मी तुम्हालाच मत दिलंय."

ऐकून तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला. तिने सगळे कागद दोनदा वाचले. नात आईकडेच राहील, आजोबांनी दर रविवारी भेटावं, असा निकाल दिला.

"पुढच्या वेळी बघतो," म्हातारा पुटपुटला आणि निघाला.

धावत जाऊन त्याला अडवावं, सगळी कारणं नीट सांगावीत, असं तिला फार वाटलं. एक मत गेलं, हेही मनात येऊन गेलंच. तिची तिलाच लाज वाटली. दार बंद होईपर्यंत ती तिकडे बघत राहिली, आणि मग तिने पुढचा खटला पुकारायला सांगितलं.