गळ्यातला टाक

काही गुन्ह्यांची फाईल बंद झाली की माणूस ते विसरतो. हे प्रकरण मात्र अजून माझ्या मागे आहे. तसं ते इतकं किरकोळ, की दुसरा अधिकारी त्यावर चार ओळीसुद्धा लिहिणार नाही.

मी तेव्हा कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच, तंजावरी मराठी. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तामिळ. एका शुक्रवारी सकाळी तक्रार घेऊन आलेला गृहस्थही आमच्यापैकीच निघाला. बँकेत नोकरी, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, बारा वर्षांची एक मुलगी. वर्षभरापूर्वी त्याने मिरजेकडची बायको केली होती.

तक्रार अशी, की बायको नहायला गेली तेव्हा काढून ठेवलेली सोन्याची साखळी गेली. साखळीत चांदीचा टाक होता. आमच्या इथे ही चाल जवळजवळ बुडाली, पण महाराष्ट्रात काही घरांतून अजून आहे. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक, म्हणजे बाईची आकृती ठोकलेला छोटा पत्रा, गळ्यात घालते. हा टाक तिच्या आईने लग्नात आणून घातला होता.

"घरात कोण होतं?" मी विचारलं.

"मुलगी शाळेला निघत होती. आणि कामवाली."

झालं! कामवाली म्हटल्यावर आमच्या खात्यात पुढचं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. ती जवळच्या तिरुनीलक्कुडी गावातली, पन्नाशीची, नवरा नसलेली बाई. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता. तरी जीप पाठवली. दिवसभर तिला रायटरच्या टेबलासमोर बाकावर बसवलं. येणारा-जाणारा तिच्याकडे बघत होता. मी तीनदा दरडावलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "मी घेतली नाही, अय्या," आणि पदराने तोंड पुसत राहिली.

संध्याकाळी त्या गृहस्थाचा फोन आला. साखळी तांदळाच्या डब्यामागे सापडली होती. टाक मात्र नव्हता. मी बाईला सोडून दिलं. माफी मागितली का? नाही. "जा आता," एवढंच म्हणालो.

रात्रभर एकच गोष्ट खटकत राहिली. सोनं टाकून चांदीचा पत्रा नेणारा हा कसला चोर? असा टाक कोणी आणला तर कळवा, असं मी सकाळीच सोनारआळीत सांगून ठेवलं.

सोमवारी सोनारआळीतल्या एका म्हाताऱ्या सोनाराने ठाण्यात फोन केला. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी त्याच्याकडे टाक घेऊन आली होती. सोबत एका बाईचा फोटो. "यातला चेहरा या फोटोसारखा करून द्या," म्हणत होती. त्याने जमणार नाही म्हटल्यावर टाक उचलून निघून गेली.

अल्पवयीन मुलीला ठाण्यात आणण्याचा मूर्खपणा मी केला नाही. साधे कपडे घातले, महिला हवालदाराला बरोबर घेतलं आणि घरी गेलो.

आधी त्या गृहस्थाच्या बायकोशी बोललो. तिला चौथा महिना होता. मराठी बोलणारा माणूस दारात बघून तिला रडूच फुटलं. "साहेब, मी काय करू हो हिचं? डबा करून दिला तर तसाच परत आणते. रस्समात मूठभर मीठ टाकते. माझ्याशी मुद्दाम तामिळमध्ये बोलते, मला कळत नाही म्हणून. पहिल्या आठवड्यात तिच्या बोलण्याला मी हसले होते, चुकलंच माझं. पण ती मराठी मी कधी ऐकलीच नव्हती! तेव्हापासून ती माझ्याशी मराठी बोललीच नाही. शेजारणींचं मला कळत नाही, हे रात्री आठला येतात. दिवसभर मी भिंतींकडे बघत बसते."

"आणि टाक?"

"मला भीती वाटते, साहेब." तिने पोटावर हात ठेवला.

मुलगी मागच्या अंगणात तुळशीजवळ बसली होती. मी शेजारी पायरीवर बसलो आणि आमच्या घरच्या मराठीत विचारलं, आज शाळेत काय झालं. तिने चमकून पाहिलं. मग आत जाऊन कंपासपेटी घेऊन आली. टाक तिच्यात होता, फोटोत गुंडाळलेला.

"का घेतलास गं?"

"मिरजेची आजी सांगत होती, हे गळ्यात नसलं की पहिली बाधते म्हणून. माझी आई भूत आहे का? ती कुणाला त्रास देणार? शेवटी शेवटी तिला उठवतसुद्धा नव्हतं." तिचा आवाज फुटला. "आणि ह्याच्यात ती दिसतच नाही. कुणीही बाई आहे ती."

मी विचारलं, "कामवाल्या अक्काला ठाण्यात बसवलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"म्हणून तर साखळी टाकली डब्यामागे. साखळी मिळाली की सोडतील असं वाटलं. सोडलं ना?"

दाराआडून सावत्र आई ऐकत होती. ती पुढे आली नाही, आणि आली असती तरी मुलीने तिला जवळ येऊ दिलं असतं असं मला वाटत नाही. माझ्या निरोपावरून बँकेतून लवकर आलेला बाप मात्र तरातरा बाहेर आला. "बघितलंत? चोरीपर्यंत मजल गेली! जूनपासून हॉस्टेलला टाकतो. आता घरात बाळ येणार, हिची ही नाटकं कोण सोसणार?"

मी त्याला रस्त्यावर घेऊन गेलो. तिथे त्याला जे सांगितलं, ते मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. माझी बायको गेली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तोही असाच वागायचा, ताटं फेकायचा. ड्युटी सांभाळून ते सोसवेना, म्हणून मी त्याला हॉस्टेलला टाकलं. पोरगा सुधारला, मोठा इंजिनियर झाला. आता पोंगलला फोन करतो. "अप्पा, जेवलात का?" विचारतो आणि ठेवतो. "अहो, ताटं फेकत होता तेव्हा निदान तो माझ्याशी भांडत तरी होता," मी म्हणालो. "आज घरी गेलो की मी स्वतःच कुलूप काढतो आणि स्वतःच लावतो. तुम्हाला हवं असेल तर टाका हॉस्टेलला."

त्याने तिला पाठवलं नाही. तक्रार मागे घेतली, मी फाईल बंद केली. त्याच्या बायकोने टाक मुलीकडेच राहू दिला. सातव्या महिन्यापर्यंत तिला भीतीने झोप येत नव्हती, हे नंतर तिनेच मला सांगितलं.

राहिली ती कामवाली. महिन्याभराने मी तिरुनीलक्कुडीला गेलो. ती ओट्यावर शेंगा सोलत होती. मला बघून उभी राहिली, ते मला फार लागलं. मी हात जोडले, चुकलो म्हणालो. त्या घरी परत कामाला जा, अशी विनंती केली.

"नाही जमणार, अय्या. गल्लीत सगळ्यांनी मला जीपमध्ये बसताना पाहिलं." मग शेंगांचं सूप खाली ठेवून म्हणाली, "माझं सोडा. शाळेतून आली की ती पोर माझ्याजवळ मोरीपाशी येऊन बसायची. आईचं सगळं मलाच सांगायची. आता कुणाला सांगते?"

चहा नको म्हणून मी निघालो.

पुढे नव्या सब-इन्स्पेक्टरांना मी एकच गोष्ट बजावत आलो. घरातली चोरी असली की त्या घरात कोण कोणाशी बोलतं ते आधी बघा, आणि ज्याच्याशी बोलतात त्या माणसाला हात लावण्याआधी दहादा विचार करा. मी एकदाही केला नाही. मुलगी घरात राहिली, याचं श्रेय लोक मला देतात. पण त्या घरात तिचं बोलणं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते मी जीप पाठवून उचलून नेलं.